मानेच्या एक्स-रेत झीज दिसली, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६६. पाच-सहा महिन्यांपासून मान आखडते, सकाळी जास्त. अधूनमधून डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या येतात. अंथरुणात कुशीवर वळताना गरगरतं. एक्स-रेच्या अहवालात लिहिलंय की पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली जागा कमी झाली आहे, हाडं वाढली आहेत आणि मानेची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे. कोणी म्हणतं मणक्यात गॅप आलाय, कोणी म्हणतं नस दबलीय. दिवसभर पट्टा, उशी बंद, पोळ्या लाटणं बंद. आता मुलीला जाणून घ्यायचंय की हे बरं होणार का, पुढे हातपाय लुळे पडतील का, ऑपरेशन लागेल का आणि आईला घरात काय करू द्यायचं.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि अशा फायली रोज टेबलावर येतात. पेशंट आत आला की आधी एक्स-रेचं पाकीट पुढे करतो, हात नंतर. मला उलटं हवं असतं. आधी हात बघू दे, चालून दाखवा, मग फिल्म. कारण फिल्म बघून पेशंट ज्याला घाबरतो ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, आणि ज्याला घाबरायला हवं ते फारसं दुखतच नाही.

आधी अहवालाचा अर्थ. मानेत सात मणके. पहिल्या दोघांच्या मध्ये चकती नसते, तिथून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक असते. चकतीच्या आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर आणि बाहेर तंतूंची घट्ट कडी. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, शेजारच्या हाडातून जे झिरपतं त्यावर तिचं भागतं. त्यामुळे झीज भरून काढण्याची तिची ताकद मुळातच कमी. तिशीनंतर गर कोरडा होऊ लागतो, चकतीची उंची घटते आणि हवा कमी झालेल्या सायकलच्या टायरसारखी ती बाजूला फुगते. मग जो भार चकती पेलत होती तो मागच्या आणि बाजूच्या छोट्या सांध्यांवर जातो. त्या सांध्यांची कूर्चा झिजते, कडेला हाड वाढतं, मागचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), जाड होऊन आत दुमडतो. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये हे सर्वांत आधी दिसतं, कारण मान खाली-वर करताना हालचाल तिथेच जास्त होते. म्हणजे आईच्या अहवालातलं झिजेचं ठिकाण अगदी नेहमीचं आहे. आणि गॅप म्हणाल तर तो आलेला नाही, जो होता तो कमी झालाय.

असे बदल असणं आणि दुखणं यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा खूप सैल आहे. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या मुलामुलींमध्येसुद्धा बहुतेकांच्या. शंभरातल्या पाचेक जणांत तर मज्जारज्जूवर दाब दिसत होता, आणि ही सगळी माणसं आपापल्या कामावर जात होती. त्यामुळे साठीपुढच्या माणसाच्या एक्स-रेत झीज दिसली यात बातमी काही नाही. नसती दिसली तर मी फिल्मवरचं नाव पुन्हा वाचलं असतं. कमान सरळ झाल्याचं तर मनावरच घेऊ नका. स्नायू आखडलेले असले किंवा फिल्म काढताना हनुवटी थोडी खाली असली तरी ती सरळ दिसते.

मग आईची मान दुखते कशामुळे? बहुधा त्या छोट्या सांध्यांमुळे आणि त्यांना सांभाळत दिवसभर ताणून राहिलेल्या स्नायूंमुळे. हे दुखणं मानेत, डोक्याच्या मागच्या भागात, दोन खांद्यांमध्ये पसरतं. काही आठवडे जोर करतं, मग ओसरतं, थंडीत किंवा लांबच्या प्रवासानंतर पुन्हा उठतं. झिजलेली चकती पुन्हा भरून येत नाही, तसं सांगणाऱ्याकडून औषध घेऊ नका. पण दुखणं मात्र कमी होतं आणि बहुतेकांचं एवढं कमी होतं की मान आहे हे विसरायला होतं.

अंगठा आणि तर्जनीतल्या मुंग्या ही वेगळी गोष्ट. पाचव्या-सहाव्या मणक्यामधून सहावी नस बाहेर पडते आणि ती बरोबर या दोन बोटांकडे जाते. सातवी गेली तर मधलं बोट, आठवी गेली तर करंगळी. म्हणजे एक्स-रे आणि तक्रार इथे जुळतात. तरीही मी लगेच नस दबली म्हणणार नाही, कारण मनगटात नस दबली तरी हीच बोटं बधिर होतात, आणि पन्नाशीपुढच्या, मधुमेह किंवा थायरॉईड असलेल्या बायकांमध्ये ते फार आढळतं. आईला दोन-तीन गोष्टी विचारा. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं का? तसं असेल तर संशय मनगटावर. मान मागे करून डावीकडे कलती केली की कळ हातात उतरते का, आणि डावा हात डोक्यावर ठेवून बसलं की कमी होते का? मग मान. दोन्ही एकदम असू शकतं, तेव्हा नसांची विद्युत तपासणी कामाला येते.

नस मानेतच दबली असली तरी घाबरण्याचं कारण कमीच. काही आठवडे ते काही महिन्यांत बहुतेकांचा हात मोकळा होतो, ऑपरेशनशिवाय. बाहेर आलेला चकतीचा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच आटवतं. माझं लक्ष मुंग्यांपेक्षा ताकदीवर असतं. कढई उचलताना मनगट पडतंय का, दार ढकलताना कोपर सरळ होत नाहीये का? ताकद कमी होत असेल तर वाट बघायची नाही, तेव्हा एमआरआय लगेच.

आता चक्कर. अंथरुणात कूस बदलताना, उठून बसताना काही सेकंद खोली फिरते आणि थांबते. हे वर्णन मी वाचलं तेव्हाच वाटलं की यात मानेचा दोष नसावा. कानाच्या आतल्या भागातले बारीक स्फटिक जागा सोडून नळीत घरंगळतात आणि डोकं हललं की मेंदूला खोटी वर्दी जाते. साठीच्या पुढे हे अगदी सर्रास. नाक-कान-घसा तज्ज्ञ डोकं ठराविक कोनांत वळवून स्फटिक परत जागेवर नेतात, एप्ली यांची पद्धत म्हणतात तिला, आणि पुष्कळ लोक एक-दोन वेळातच मोकळे होतात. आपल्याकडे मात्र चक्कर म्हटलं की मानेचा एक्स-रे, आणि वयामुळे त्यात काहीतरी दिसतंच. मग माणूस वर्षानुवर्षं चक्करेची गोळी आणि पट्टा घेऊन फिरतो. नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे गेल्यावर मानेच्या झिजेचं आधी सांगा, म्हणजे ते मान फार मागे न टाकता तपासतील. चक्कर येताना बोबडी वळली, एकाचे दोन दिसले किंवा तोंड वाकडं झालं तर मात्र कान नाही आणि मानही नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

तुमचा खरा प्रश्न लुळेपणाचा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

मानेच्या मणक्यांमधल्या बोगद्यातून मज्जारज्जू खाली जातो. त्या बोगद्याची पुढून-मागे रुंदी साधारण १७-१८ मिलिमीटर असते. काहींचा बोगदा जन्मतःच अरुंद, १३ मिलिमीटरच्या आत. अशा माणसात पुढून फुगलेली चकती आणि हाड, मागून जाडावलेला अस्थिबंध, यांच्यामध्ये मज्जारज्जू चेपला जातो. गंमत म्हणा की दुर्दैव, हे बऱ्याचदा दुखतच नाही. मान थोडी आखडते, बस. तक्रार सुरू होते हातांच्या बारीक कामांत. ब्लाउजचे हुक लागत नाहीत. साडीच्या निऱ्या हातातून सुटतात. सुईत दोरा जात नाही आणि दोष चष्म्याला दिला जातो. टेबलावरचं नाणं उचलता येत नाही, ते कडेपर्यंत सरकवून घ्यावं लागतं. मग पाय. चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं. जिना चढताना काही नाही, उतरताना कठडा लागतो. अंधारात किंवा तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो. लघवी आली की थांबवत नाही. घरचे म्हणतात वय झालं, गुडघे गेले, शुगरमुळे असेल. या आजाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून जास्त उशीर होतो, असं एका अभ्यासात दिसलंय, आणि माझ्या टेबलासमोर जे येतं ते पाहता मला त्यात नवल वाटत नाही.

घरी एक चाचणी करून बघा. आईला समोर बसवा आणि हात पुढे करून दहा सेकंदांत मूठ जितक्या भरभर उघडता-मिटता येईल तितकी उघड-मिट करायला सांगा. पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. साधारण वीस वेळा व्हायला हवी. संधिवाताने बोटं दुखत नसताना आकडा बराच कमी भरला, किंवा मूठ उघडताना मनगट आपोआप वर-खाली होऊ लागलं, तर दाखवायला हवं. मग पंजे पुढे धरून बोटं जुळवायला सांगा. करंगळी आपोआप बाजूला सरकत राहिली तर तीही खूण. नंतर जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगा, तुम्ही शेजारी राहून. डॉक्टर याशिवाय हातोडीने प्रतिक्षेप, म्हणजे ठोकल्यावर हातपाय कसे उडतात ते, बघतील, मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून अंगठा आत वळतो का ते बघतील. यात काही सापडलं तर एमआरआय हवाच. काही नाही सापडलं, तर नुसत्या मानदुखीसाठी तो काढून घरात भीती आणण्यात मला अर्थ वाटत नाही.

एक गोष्ट हुबेहूब याच्यासारखी दिसते आणि आपल्याकडे भरपूर आहे, ती म्हणजे बी-१२ ची कमतरता. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत जास्त. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, सगळं तेच. रक्ताची साधी तपासणी आहे. तपासणी न करता ‘नसांच्या ताकदीची’ इंजेक्शनं टोचत बसण्याची पद्धत मला पटत नाही, कारण एकदा टोचली की नंतरचा रिपोर्ट वाचता येत नाही.

ऑपरेशन कोणाला? मज्जारज्जू चेपून हातपाय बिघडत चालले आहेत त्यांना, आणि हाताची ताकद कमी होत आहे किंवा दोन-तीन महिने नीट उपचार करूनही नसेची कळ झोपू देत नाही त्यांना. नुसत्या मानदुखीसाठी नाही, कितीही वाईट फिल्म असली तरी. गळ्याच्या पुढच्या बाजूने चकती काढून दोन मणके जोडायची पद्धत १९५० च्या दशकातली आहे, आता ती सगळीकडे रुळलेली आहे. नंतर काही दिवस गिळताना टोचतं, आवाज बसतो, बहुतेकांचं सुधारतं. दाब बऱ्याच पातळ्यांवर असेल तर मागून बोगदा रुंद करतात, ती पद्धत जपानी सर्जननी विकसित केली. मज्जारज्जूच्या बाबतीत ऑपरेशनचा पहिला उद्देश बिघाड थांबवणं हा असतो. गेलेलं किती परत येईल हे किती लवकर केलं यावर ठरतं, म्हणून हुक आणि निऱ्यांचं एवढं पाल्हाळ लावलं.

तुम्ही लिहिलंय त्यात हाताच्या अनाडीपणाची किंवा चालण्याची तक्रार कुठेच नाही. चाचण्याही ठीक आल्या तर लुळेपणाची चिंता बाजूला ठेवा आणि साध्या उपचारांकडे वळा.

पट्टा काढा. फार दुखत असताना चार-आठ दिवस, किंवा खडखडणाऱ्या बसच्या प्रवासात तासभर ठीक. सहा-सहा महिने घातला की स्नायू कामच विसरतात आणि मग पट्टा काढला की मान जास्त दुखते, त्यामुळे माणसाला वाटतं पट्ट्याशिवाय जमतच नाही. उशी परत द्या. पाठीवर झोपत असतील तर पातळ, कुशीवर झोपत असतील तर खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल एवढी. पोटावर झोपणं तेवढं बंद, रात्रभर मान एका बाजूला पिळून राहते. शेक दहा-पंधरा मिनिटं, टॉवेल मध्ये ठेवून, मधुमेह असेल तर पाण्याची ऊब दुसऱ्याने बघून.

व्यायाम हाच मुख्य उपचार, आणि तोच कोणी करत नाही. भिंतीला पाठ टेकून बसायचं, नजर समोर, हनुवटी खाली न घालता सरळ मागे ओढायची, डोकं भिंतीकडे सरकतं. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. मग तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला रेटायचं, हाताने डोकं हलू द्यायचं नाही. असंच मागे आणि दोन्ही कानांच्या वर. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. आणि खांद्याची पाती मागे एकमेकींकडे ओढणं, कारण मानेचे अर्धे स्नायू खाली खांद्यालाच बांधलेले आहेत. मान गोल गोल फिरवायचा व्यायाम या वयात मी सांगत नाही. सहा आठवडे रोज दोन वेळा, त्याआधी फरक पडला नाही म्हणून सोडू नका.

गोळ्यांपैकी पॅरासिटामॉल सगळ्यात निरुपद्रवी, पण फार मोठी अपेक्षा ठेवू नका. जोरदार वेदनाशामकं पाच-सात दिवसांवर नकोत. रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही. त्यापेक्षा वरून लावायचं मलम बरं. मुंग्यांसाठीच्या गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते. रात्री बाथरूमला उठताना पडलेले पेशंट मी पाहिलेत, आणि अरुंद बोगदा असलेला माणूस तोंडावर पडून मान मागे झटकली गेली तर एका क्षणात दोन्ही हात जाऊ शकतात. बाथरूममध्ये रात्रीचा दिवा आणि धरायला दांडी, हा खर्च माझ्या मते महागड्या उशीपेक्षा आधी करावा.

मान मोडून घेऊ नका. सलूनमध्ये चंपी झाल्यावर कडाक्कन वाजवतात ते, आणि हाडवैद्याचा झटका तोही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघात होतो. क्वचित होतं, पण त्या कडकडाटाने मिळतं काय तर दोन तासांचं हलकेपण. बोटांचा सूज येणारा संधिवात, ज्याला लोक आमवात म्हणतात, तो असलेल्यांत पहिला-दुसरा मणका सैल असू शकतो. त्यांनी मानेला वजन लावणं आणि झटके यांच्या जवळपासही फिरकू नये.

काही तक्रारी वेगळ्या रांगेतल्या आहेत. आडवं पडूनही न थांबणारं, रात्री वाढणारं दुखणं, बरोबर ताप, वजन घटणं. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आहे आणि या वयात कर्करोगाचाही विचार करावा लागतो. चालताना, जिना चढताना डावा हात आणि जबडा भरून येतो आणि थांबलं की थांबतो, तर तो मानेचा नाही, हृदयाचा. त्या हाताला शेक देत बसू नका.

मोबाइलमुळे मानेवर २७ किलो वजन पडतं असं चित्र फिरतं. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, एवढं खरं. २७ चा आकडा २०१४ मध्ये एका सर्जनने संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, कोणाच्या मानेत मोजलेला नाही. या वयात मला मान वाकवण्यापेक्षा मान वर करण्याची काळजी जास्त. वर बघताना नसेची भोकं आणि बोगदा दोन्ही अरुंद होतात. माळ्यावरचा डबा काढणं, पंखा पुसणं, गॅलरीत उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, आणि एक कोणाच्या लक्षात न येणारं, प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याचा वाचायचा भाग खाली असतो, म्हणून संगणक किंवा समोर धरलेला फोन बघताना माणूस हनुवटी वर करून बसतो. आईला फोनवर कीर्तन बघताना बाजूने पाहा. हनुवटी वर असेल तर फोन खाली मांडीजवळ उशीवर ठेवा किंवा वाचायचा वेगळा चष्मा करा.

पोळ्या लाटू द्या. ओट्यापाशी उभं राहून कोपर सरळ राहतील आणि खांदे वर उचलावे लागणार नाहीत इतपत उंची असावी. आईची उंची कमी असेल तर पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट. वीस मिनिटांनी थांबून खांदे सैल करायचे. विळीवर वाकून तासभर भाजी चिरण्यापेक्षा टेबलावर सुरी बरी. भरलेला हंडा, धान्याचं पोतं डोक्यावर नको. डोक्यावरून ओझं वाहणाऱ्यांच्या मानेत झीज जास्त दिसते, हे आफ्रिकेतल्या हमालांच्या एक्स-रे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. दुचाकीवर मागे बसायला हरकत नाही, पायांत ताठरपणा नाही तोवर, हेल्मेट घालून आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला सावकाश न्यायला सांगून. आणि त्या कानाच्या चकरेचं झाल्याशिवाय स्टुलावर चढायचं नाही.